शीर नसलेला क्रूस

२०२५ सालच्या जुलै महिन्यातील शेवटचा रविवार. नाशिकच्या आमच्या धर्मग्रामात सकाळची मिस्सा आटोपली होती आणि गायकवृंदातील मुले सभागृहात बाके लावीत होती. त्याच आठवड्यात, २२ जुलैला, इंग्लंडमध्ये ऑझी ऑस्बर्न या गायकाचे वयाच्या ७६व्या वर्षी निधन झाले होते. ‘हेवी मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्कश, जड संगीताचा पाया ज्या ‘ब्लॅक सॅबथ’ बँडने घातला, त्याचे ते पहिले गायक. मुलांचा वाद त्यावरूनच जुंपला होता. मुंबईतील नोकरीतून निवृत्त होऊन नाशकात स्थायिक झालेले एक गृहस्थ ठामपणे सांगत होते, “ऑझीशिवाय सॅबथ म्हणजे नवरदेवाशिवाय वरात.” त्यावर आमच्या गायकवृंदात गिटार वाजविणारा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा म्हणाला, “काका, तुम्ही ‘हेडलेस क्रॉस’ ऐकलाय का? ऑझी गेल्यानंतरचा. टोनी मार्टिन गायलाय.”

काका गप्प झाले. त्यांनी तो ऐकला नव्हता. मग मुलगा आमच्याकडे वळला. “फादर, तुम्हीच सांगा.”

आम्हीही ऐकला नव्हता. तसे कबूल करून आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. हा लेख त्या आठ दिवसांचे फलित आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना या संगीताशी कर्तव्य नसेल, हे आम्ही जाणतो. तथापि या वादाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो आपल्या प्रत्येकाच्या घरातला आणि प्रत्येक धर्मग्रामातला आहे. जुना माणूस गेला, त्याच्या जागी नवा आला, तर नव्याचे मोल कशावरून करावे?

मराठी रसिकाला हा प्रश्न नवा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यांच्या मंडळीतील भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने महाराष्ट्र वेडावला. १९०१ मध्ये भाऊराव निवर्तले तेव्हा आता किर्लोस्कर मंडळी संपली, असे म्हणणारे कमी नसतील. १९०५ मध्ये त्याच मंडळीत नारायणराव राजहंस दाखल झाले, ज्यांना आपण बालगंधर्व म्हणून ओळखतो. पुढे १९१३ मध्ये तेही बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. नाव एका संस्थेचे, गळा दुसऱ्याचा आणि प्रेक्षकांची निष्ठा तिसऱ्याच आठवणीवर, हा प्रकार आपल्या आजोबा-पणजोबांनी पुरेपूर अनुभवला आहे.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर मुंबईचे घ्या. १९८४ साली तेथे ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला. धोबीतलाव येथे आपल्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी असलेल्या रंगभवनाच्या खुल्या मंचावर रॉक संगीताचे जे कार्यक्रम होत, त्यांतून तो नावारूपाला आला. १९८८ आणि १९९० साली त्यांचे दोन अल्बम निघाले. दुसऱ्याचे नाव ‘द सेकंड कमिंग’, म्हणजे द्वितीय आगमन! १९९३ मध्ये त्यांनी आपले नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे ठेवले. ‘क्रीड’ म्हणजे ज्याला आपण दर रविवारी उभे राहून म्हणतो तो श्रद्धेचा अंगीकार. १९९७ मध्ये बँड फुटला. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने तिघे पुन्हा एकत्र आले आणि बास गिटार व ड्रम्स यांसाठी त्यांनी दोन तरुण वादक घेतले. २०१२ मध्ये त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. रंगभवनाच्या रात्री ज्यांनी पाहिल्या होत्या त्यांतील काहींना या नव्या गाण्यांत आपले तारुण्य सापडले नाही. परंतु ते सापडावे अशी अपेक्षा कोणत्या गाण्याकडून करावी? श्रोत्याचे सरलेले वय परत देणे हे संगीताचे काम नव्हे.

धर्मग्रामातही असेच घडते. आवडत्या धर्मगुरूंची बदली झाली की नव्याच्या पहिल्याच प्रवचनाची तुलना जुन्याशी होते. आम्ही स्वतः पाच ठिकाणी ‘नवे फादर’ झालो आहोत आणि पाच ठिकाणी काही वर्षांनी ‘आमचे जुने फादर’ झालो आहोत. तेव्हा टोनी मार्टिन यांच्याविषयी आमच्या मनात आरंभापासूनच थोडा आपलेपणा होता, हे वाचकांपासून लपवून ठेवीत नाही.

आता मूळ हकीकत. बर्मिंगहॅममधील ॲस्टन या कामगारवस्तीतील चार तरुणांनी १९६८ साली हा बँड सुरू केला. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच. प्लास्टिक वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे तयार केली. पुढे दुखऱ्या बोटांना सोसावे म्हणून तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या आणि त्यातून तो जड, गंभीर नाद अधिक गडद झाला. एका जखमेचा एवढा मोठा वारसा झाल्याची उदाहरणे कलेच्या इतिहासात थोडी असतील. गायक ऑझी, ड्रम्सवर बिल वॉर्ड आणि बास गिटारवर गीझर बटलर. बटलर हे आयरिश कॅथलिक कुटुंबातील. बँडची बहुतेक गीते सुरुवातीपासून त्यांच्याच लेखणीतून उतरली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आमचे सारे म्हणणे अखेर तिच्यापाशी येणार आहे.

१९७९ मध्ये ऑझींना काढण्यात आले. रॉनी जेम्स डिओ आले आणि १९८० चा ‘हेवन अँड हेल’ गाजला. १९८२ मध्ये तेही गेले. १९८३ मध्ये एका अल्बमपुरते इयन गिलन आले. १९८४ मध्ये बटलर यांनी बँड सोडला. मूळ चौघांपैकी आयोमी तेवढे उरले. १९८७ मध्ये टोनी मार्टिन आले आणि एप्रिल १९८९ मध्ये ‘हेडलेस क्रॉस’ प्रसिद्ध झाला. मार्टिन एकंदर पाच अल्बम गायले, तरी १९९७ मध्ये मूळ मंडळी पुन्हा एकत्र येताच त्यांचा सारा काळ अडगळीत पडला. ते अल्बम कित्येक वर्षे बाजारात मिळत नव्हते. त्यांपैकी १९८९ ते १९९५ या काळातील चार अल्बमांचा संच २०२४ च्या मे महिन्यात निघाला, तेव्हा कोठे आमच्या गिटारवाल्या मुलाच्या पिढीला ते नीट ऐकता आले. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर बँडचा अखेरचा कार्यक्रम झाला. त्या मंचावर मार्टिन नव्हते.

या अल्बमचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अल्बम पडला तो गुणांअभावी नव्हे. तो ऐकलाच गेला नाही. नावामुळे लोकांनी ऑझी शोधले आणि ते सापडले नाहीत म्हणून पाठ फिरविली. आठ दिवस ऐकल्यानंतर हे म्हणणे आम्हाला बव्हंशी मान्य आहे. मार्टिन यांचा आवाज भरदार आहे आणि वरच्या पट्टीत जाताना तो किंचाळत नाही, चढतो. कोझी पॉवेल यांचे ड्रम्स म्हणजे भक्कम दगडी बांधकाम. प्रत्येक ठोका आपल्या जागी बसलेला. लॉरेन्स कॉटल हे बास वाजविण्यापुरते बोलावलेले वादक, पण त्यांची बोटे कोठेही पाहुण्यासारखी वागत नाहीत. ‘व्हेन डेथ कॉल्स’ या गीताचा आरंभ अगदी शांत आहे. बासचे थोडे सूर आणि दबका आवाज. उत्तरार्धात ते एकाएकी धावू लागते आणि ‘क्वीन’ बँडचे ब्रायन मे पाहुणे म्हणून गिटार वाजवून जातात. मृत्यू येतो तो सांगून येत नाही, ही गोष्ट त्या लयबदलाने शब्दांहून अधिक चांगली सांगितली आहे. शेवटचे ‘नाइटविंग’ हे निशाचर पक्ष्याचे गीत आम्हाला सर्वाधिक आवडले. त्यात सावली आहे, थंडी आहे आणि कोणाला भिववण्याची घाई नाही.

येथवर आम्ही त्या मुलाच्या बाजूचे. परंतु पुढच्या रविवारी आम्ही त्याला शब्दांविषयी विचारले तेव्हा तो सहज म्हणून गेला, “फादर, शब्दांकडे कोण लक्ष देतं? गाणं ऐकायचं.” येथे मात्र आमचे त्याच्याशी जमले नाही. हाच मुलगा आमच्या गायकवृंदात स्तोत्राचा एक शब्द चुकला तर ज्येष्ठांना थांबवून दुरुस्त करतो. शब्दांचे मोल त्याला ठाऊक नाही, असे कसे म्हणावे? ज्याचा कैवार घ्यायचा त्याच्या उण्या बाजूकडे डोळेझाक करणे ही निष्ठा असेल, तिला रसग्रहण म्हणता येणार नाही.

‘हेडलेस क्रॉस’ हे इंग्लंडमधील रेडिच गावालगतच्या वस्तीचे खरे नाव आहे. प्लेगच्या काळात तेथे ओढवलेल्या मरणाची आख्यायिका मार्टिन यांच्या मनात होती. किती मोठा विषय हाती आला होता! पण गीतात काय होते? टेकडीवर चेटकिणी जमतात, स्वर्गातून पडलेला दूत अवतरतो, काळी वीज क्रूस छेदते आणि माणसांना सुटकेची वाट उरत नाही. एवढ्यावर सारे संपते. पुढच्या गीतांतही सैतान, नरकाची द्वारे, काळा चंद्र यांची आरास मांडलेली आहे. आठ गीतांत सैतान इतक्या वेळा येतो की चौथ्या खेपेला त्याचे भय वाटेनासे होते. गावच्या जत्रेतील कागदी राक्षसासारखा तो हलतो, डोळे वटारतो आणि मुले हसतात.

आता बटलर यांच्या लेखणीकडे पाहा. १९७० च्या पहिल्या अल्बममधील शीर्षकगीत त्यांना रात्री खाटेच्या पायथ्याशी दिसलेल्या एका काळ्या आकृतीवरून सुचले. त्या गीतातील माणूस भयाने देवाचा धावा करतो. त्याच वर्षीच्या ‘वॉर पिग्ज’मध्ये युद्धे लावणारे सत्ताधीश अखेर देवाच्या न्यायापुढे गुडघे टेकतात. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममधील ‘आफ्टर फॉरएव्हर’ तर चक्क श्रद्धेच्या समर्थनार्थ आहे. मरणानंतर आपल्या आत्म्याचे काय, चारचौघांत टिंगल होईल म्हणून तू देवाला नाकारतोस काय, असा रोकडा सवाल ते ऐकणाऱ्याला करते. ज्यांना लोक सैतानाचे भक्त समजले त्यांच्या अल्बमात हे आहे! बँडमधील चौघांच्या गळ्यात जे क्रूस असत, ते ऑझींच्या वडिलांनी स्वतः घडवून दिलेले होते.

बटलर यांना सैतान लहानपणच्या धर्मशिक्षणातून ठाऊक होता. ज्याला सैतानाचे खरे भय आहे त्याला देव आहे हेही ठाऊक असते. म्हणून त्यांच्या गीतात अंधार आला की त्याच्या पलीकडे कोणीतरी ऐकणारा असतो. मार्टिन यांच्या गीतात अंधार आहे, पण त्यात हाक मारायला कोणी नाही. आपल्या फादर स्टीफन्सनीही ‘ख्रिस्तपुराणा’त पतित दूतांची कथा सांगितली आहे. पण ती उद्धाराच्या कथेचे पहिले पाऊल म्हणून येते. तिच्यावरच पुराण संपत नाही.

हे केवळ धर्मगुरूचे कुरकुरणे आहे असे कोणी समजू नये. खुद्द आयोमी यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात याच अर्थाचे लिहिले आहे. ब्लॅक सॅबथ म्हटल्यावर सैतानच हवा अशी मार्टिन यांची समजूत झाली. ते फारच उघडेवाघडे झाले म्हणून त्यांना जरा सूचक लिहायला सांगितले. परिणामी १९९० च्या ‘टिअर’ या अल्बमात उत्तर युरोपातील प्राचीन देवता अवतरल्या!

आमच्या मते या अल्बमचे सारे मर्म येथे आहे. काका म्हणतात, गळा बदलला. मुलगा म्हणतो, नवा गळाही उत्तम आहे. दोघेही गळ्याविषयीच बोलत राहिले. बदलली होती ती लेखणी. नव्या माणसाला घराण्याची बाहेरची खूण लगेच दिसते, आतले मर्म दिसायला वेळ लागतो. मार्टिन यांनी काळा अंगरखा पाहिला आणि तो शिवून अंगावर चढविला. त्या अंगरख्याच्या आत एक भ्यालेला, प्रार्थना करणारा कॅथलिक मुलगा होता, हे त्यांना कोणी सांगितले नसावे. दोष एकट्या त्यांचा नाही. ज्यांनी सांगायचे तेही मौन राहिले. नव्या जागी आम्ही मागच्या धर्मगुरूंच्या लकबी पहिल्या महिन्यात उचलल्या आहेत. ते कोणाच्या घरी रात्री जाऊन बसत, कोणाचे दुःख ऐकत, हे कळायला वर्षे लागली.

प्लेगच्या गावाविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. वांद्र्याच्या गल्ल्यांतून फिरताना ठिकठिकाणी जे क्रूस दिसतात, त्यांतील अनेक १८९६ पासून मुंबईत पसरलेल्या प्लेगच्या काळात लोकांनी उभारले. घरटी माणसे जात होती. लोक चर्चपर्यंत जाऊ शकत नव्हते, तेव्हा त्यांनी गल्लीतच क्रूस उभारला आणि त्याच्या पायथ्याशी रोजरी म्हटली. क्रुसाने प्लेग थांबला असे आम्ही म्हणत नाही. मरणाच्या दारात ती माणसे एकमेकांच्या शेजारी उभी राहिली, हे मात्र ते दगड आजही सांगतात. हेडलेस क्रॉसच्या टेकडीवरही अशी माणसे असतीलच. गीतात ती फक्त मरण्यासाठी नेमलेली आहेत. तेथे एखादी आई, एखादा शेजारी, एखादी विझू न दिलेली मेणबत्ती आली असती, तर हा अल्बम उपेक्षित म्हणून जगला नसता, श्रेष्ठ म्हणून जगला असता.

काही पालक आता म्हणतील, मग फादर, मुलांना हे ऐकू द्यावे की नाही? कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी २००० सालच्या आपल्या उपासनाविषयक ग्रंथात रॉक संगीताच्या समूहोन्मादावर कठोर टीका केली आहे. उपासनेत त्याला स्थान नाही हे त्यांचे म्हणणे आम्हालाही मान्य आहे. पण वेदी वेगळी आणि मुलाची खोली वेगळी.

येथे आम्हाला स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही तरुण धर्मगुरू होतो. एका खेड्यातील धर्मग्रामात प्रवचन करताना आम्ही अशा बँडांची नावे घेऊन त्यांना सैतानाचे सेवक म्हटले. यादी कोठल्याशा पत्रकातून उतरवून घेतली होती. एकही गाणे ऐकले नव्हते. समोरच्या बाकावर एक मुलगा बसला होता. त्याच्याकडे या संगीताच्या कॅसेटी आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक होते, आम्हालाही होते. माना त्याच्याकडे वळल्या. तो मिस्सा संपेपर्यंत बसून राहिला आणि त्यानंतर चर्चमध्ये आला नाही. आमची बदली झाली तेव्हाही तो निरोपाला आला नव्हता. त्या यादीत ब्लॅक सॅबथचे नाव पहिले होते. ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गीत आम्ही या जुलैमध्ये प्रथम ऐकले आणि आम्हाला तो बाक आठवला. श्रद्धेची बाजू घेणारे गीत ज्याच्या खोलीत वाजत होते त्यालाच आम्ही श्रद्धेच्या नावाने उठविले होते.

म्हणून पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. आधी ऐका, मुलाशेजारी बसून ऐका आणि मग शब्दांविषयी विचारा. ऐकणाऱ्याने विचारलेला प्रश्न मुले मनावर घेतात. न ऐकता दिलेला निकाल ती कधीच विसरत नाहीत.

आता त्या वादाचा निवाडा. काकांना आमचे सांगणे की ‘हेडलेस क्रॉस’ न ऐकता त्याला नाव ठेवू नये. कारागिरीच्या दृष्टीने तो या बँडच्या चांगल्या अल्बमांत बसतो. मुलाला सांगणे की त्याचा कैवार जरूर घ्यावा, पण शब्दांची उणीव मान्य करून घ्यावा. उणीव मान्य केल्याने प्रेम कमी होत नाही. आपण आपल्या धर्मगुरूंवर तसेच प्रेम करतो, निदान करावे अशी आमची अपेक्षा आहे.

जाता जाता एक गोष्ट. २०१७ साली आयोमी यांनी बर्मिंगहॅमच्या कॅथीड्रलसाठी एका समूहगीताला संगीत दिले. गीताचा आधार १३३वे स्तोत्र, भावांनी एकोप्याने राहण्याचे सुख गाणारे. ज्यांच्या बँडमध्ये पन्नास वर्षांत इतके भाऊ आले, भांडले आणि गेले, त्यांच्या संगीताला तेच स्तोत्र लाभावे, याचा आम्ही बराच वेळ विचार करीत होतो. ते गीत आम्ही त्या मुलाला ऐकविले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “फादर, हे आपल्या गायकवृंदाला जमेल का?”

जमेल, असे आम्ही सांगितले. तालमीला काकांनाही बोलावले आहे.